वस्तीतील संगणक आणि शेजारी बसणारा माणूस

(महापालिका शाळांतील विद्यार्थ्यांसाठी अभ्यासिका चालवणाऱ्या कार्यकर्त्यांच्या एकत्रीकरणात झालेल्या भाषणाचा संपादित भाग.)



सहावी ते आठवीच्या मुलांना प्रोग्रॅमिंगची गोडी कशी लावावी, हा विषय मला देण्यात आला आहे. 'आज्ञावली' हा चांगला मराठी शब्द आपल्याकडे आहे. यंत्राने कोणते काम कोणत्या क्रमाने करावे याची लेखी सूचना म्हणजे आज्ञावली. ती लिहिण्याची विद्या तुमच्या-आमच्या वस्तीतील मुलांपर्यंत का पोहोचत नाही, येथून मी आरंभ करतो.

संगणक नाहीत म्हणून ती पोहोचत नाही, हे उत्तर आता पुरेसे नाही. एखादी कंपनी आपले जुने संगणक शाळेला देते. नारळ फुटतो, छायाचित्र निघते. वर्षभराने जाऊन पाहावे तर यंत्रांवर प्लास्टिकची आच्छादने, दाराला कुलूप आणि किल्ली रजेवर गेलेल्या शिक्षकांकडे! जेथे खोली उघडी असते तेथे मुले यंत्र चालू-बंद करणे, स्वतःचे नाव टंकलिखित करणे आणि रंगाच्या ब्रशाने झोपडी व डोंगर काढणे शिकतात. त्यात गैर काही नाही. परंतु तीन वर्षे हेच शिकलेला मुलगा यंत्राचा वापरकर्ता होतो आणि वापरकर्ताच राहतो. २०२० च्या टाळेबंदीत 'कोडिंग'च्या महागड्या शिकवण्यांच्या जाहिरातींचा जो पूर आला होता, तो आपणांस आठवत असेल. ज्यांच्या पालकांना ते शुल्क परवडत होते, त्यांच्या मुलांना यंत्राला आज्ञा कशी द्यावी हे शिकायला मिळाले. शिकवणी चांगली होती की वाईट हा भाग निराळा. आपल्या मुलांपर्यंत त्यातील जाहिरात तेवढी पोहोचली. त्याच वर्षीच्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने सहावी ते आठवी या टप्प्यावर प्रोग्रॅमिंगशी निगडित उपक्रम सुरू करावेत असे म्हटले आहे. धोरण सर्वांसाठी असले, तरी खोलीचे कुलूप काढण्याचे काम धोरण करीत नसते.

हा प्रश्न केवळ आपल्याकडचा नाही. अमेरिकेतील लॉस एंजेलिस शहरातील तीन सरकारी माध्यमिक शाळांचा अभ्यास करून जेन मार्गोलिस या विदुषींनी २००८ साली एक पुस्तक प्रसिद्ध केले. काही शाळांत संगणक होते, वर्गही होते. पण कृष्णवर्णीय व लॅटिन अमेरिकी वंशाच्या मुलांच्या वाट्याला बहुधा टंकलेखन आणि तत्सम वरवरची कामे येत. खरे संगणकशास्त्र 'तशा' मुलांना झेपणारे नाही, हे मोठ्यांनी आधीच ठरवून टाकलेले असे. तरण तलावाच्या उथळ टोकाला अडकलेली मुले, असे रूपक त्यांनी पुस्तकाच्या नावातच योजले आहे. हे वाचताना मला आपल्या शाळा आठवल्या. 'हिला एवढे कशाला? नाव टाइप करता आले तरी पुष्कळ झाले,' हे वाक्य आपण सर्वांनीच कोठे ना कोठे ऐकले आहे.

त्याच लॉस एंजेलिसच्या दक्षिण भागातील, गरीब वस्तीतील एका केंद्राची हकीकत मी थोडी विस्ताराने सांगणार आहे. तिची नोंद काळजीपूर्वक झालेली आहे आणि त्या केंद्राचे स्वरूप आपल्या अभ्यासिकांशी बरेच जुळते, म्हणून. १९९३ साली बॉस्टन येथे संगणक संग्रहालय आणि एमआयटी ही विख्यात संस्था यांनी मिळून 'कॉम्प्युटर क्लबहाउस' नावाचा उपक्रम सुरू केला. शाळा सुटल्यावर मुलांनी यावे, हवे ते करावे; परीक्षा नाही, हजेरीची सक्ती नाही. पुढे त्याच्या शाखा अन्यत्र निघाल्या. एमआयटीतील मिचेल रेझ्निक व त्यांच्या सहकाऱ्यांनी मुलांसाठी 'स्क्रॅच' ही प्रोग्रॅमिंगची भाषा तयार केली. २००७ मध्ये ती सर्वांसाठी विनामूल्य खुली झाली. तीत आज्ञा टंकलिखित कराव्या लागत नाहीत. रंगीत ठोकळे असतात, ते एकमेकांत बसवायचे. जे अर्थाने जुळत नाहीत ते आकारानेही बसत नाहीत. त्यामुळे व्याकरणाच्या चुकांनी मूल बेजार होत नाही.

दक्षिण लॉस एंजेलिसच्या केंद्रात दीड वर्षात मुलांनी स्क्रॅचमध्ये केलेल्या ५३६ कृती संशोधकांनी तपासल्या. मुले आठ ते अठरा वर्षांची. त्यांना प्रोग्रॅमिंगचा पाठ कोणी दिला नव्हता आणि तेथील मार्गदर्शकांनाही ते येत नव्हते. तरीही मुलांच्या कृतींत आवर्तने होती, अटी होत्या, एका पात्राने दुसऱ्याला निरोप धाडण्याची योजना होती. गंमत अशी की, आपण करतो आहोत ते प्रोग्रॅमिंग आहे, हे त्यांतील बहुतेकांच्या गावीही नव्हते. त्यांच्या दृष्टीने तो खेळ होता, चित्र होते, गाणे होते.

पण याच अभ्यासात दुसरी एक गोष्ट दिसली आणि माझ्या मते आपल्यासाठी तीच अधिक मोलाची आहे. काही संकल्पना मुले आपसूक उचलीत नाहीत. 'चल' त्यांपैकी एक. बीजगणितात आपण क्ष म्हणतो ना, तीच. मूल्य बदलत राहील अशी एक नाव दिलेली जागा. तिचा वापर मुलांच्या कृतींत फार थोडा आढळला.

रेझ्निक एका मुलाची आठवण सांगतात. क्लबहाउसमधील तो मुलगा मोठा मासा लहान माशांना खातो असा खेळ रचीत होता. खाल्लेल्या माशांचे गुण मोजायचे होते. ते कसे हे त्याला समजेना. रेझ्निकांनी त्याला चल कसा निर्माण करायचा ते दाखवले. मासा खाल्ला की चलात एक मिळवायचा, एवढेच. मुलाने हर्षभरित होऊन त्यांचा हात हातात घेतला आणि पुनःपुन्हा आभार मानले. रेझ्निकांच्या मनात आले, चल शिकवल्याबद्दल किती शिक्षकांचे विद्यार्थ्यांनी असे आभार मानले असतील? आपल्याकडे सातवीच्या गणितात क्ष येतो आणि कितीतरी मुले तेथेच गणिताचा हात सोडतात. तोच क्ष 'माझ्या खेळातले गुण' होऊन आला की त्याची भीती उरत नाही.

मात्र त्या क्षणी जाणता माणूस शेजारी होता, हे विसरता कामा नये. दिल्लीच्या कालकाजी भागात १९९९ साली सुगत मित्र यांनी झोपडवस्तीला लागून असलेल्या भिंतीत संगणक बसवला आणि मुले कोणाच्याही मदतीविना तो हाताळू लागली. त्या प्रयोगाची जगभर वाहवा झाली आणि मुलांच्या जिज्ञासेची ग्वाही म्हणून ती योग्यच होती. परंतु यंत्र ठेवले की शिक्षण आपोआप होते, असा जो सोईस्कर अर्थ अनेकांनी काढला, तो मला मान्य नाही. हाताळणे मुले एकमेकांकडून शिकतात. गुण कसे मोजू, हा प्रश्न ज्या दिवशी पडतो त्या दिवशी माणूस लागतो.

आता प्रत्यक्ष वर्गात काय करावे?

पहिल्या दिवशी चौकोन काढायला सांगावे. स्क्रॅचमध्ये लेखणीचे ठोकळे आहेत. शंभर पावले पुढे जा, नव्वद अंश वळ. असे चार वेळा. मुले हे चटकन करतात. मग त्रिकोण काढायला सांगावे, तिन्ही बाजू सारख्या. मुले म्हणतात, त्रिकोणाचा कोन साठ अंशांचा, म्हणून साठ अंश वळ. तीन वेळा केले की पडद्यावर एक उघडी, अर्धवट आकृती उमटते. येथे शिक्षकाने गप्प बसावे. आपल्याला फार बोलायची सवय असते, म्हणून हे मुद्दाम सांगतो! कोणीतरी उठून जमिनीवर त्रिकोणात चालून पाहते आणि त्याच्या ध्यानात येते की वळताना आपण आतला नव्हे, बाहेरचा कोन वळतो, म्हणजे एकशेवीस. दुसरे कोणी साठ अंशच ठेवून सहा वेळा फिरवते आणि षट्कोन मिळतो. चुकीतून निघालेला षट्कोन! दारात रांगोळी काढणाऱ्या मुलींच्या हाती तो पडला की तोच आकार थोडा थोडा वळवून पुन्हा पुन्हा काढण्याची युक्ती त्यांना सांगावी लागत नाही.

मुलांना यंत्रापुढे भूमिती चालून पाहायला लावण्याची ही कल्पना सीमूर पॅपर्ट व त्यांच्या सहकाऱ्यांची आहे. १९६७ साली त्यांनी 'लोगो' ही भाषा रचली. पुढे तिच्यात आज्ञेनुसार चालणारे कासव आले. चूक म्हणजे अपराध नसून दुरुस्त करायची गोष्ट आहे, हा पॅपर्ट यांचा आग्रह होता. ज्या मुलाने चुकीसाठी घरी आणि शाळेत मारच खाल्ला आहे, त्याच्या दृष्टीने न रागावणारे यंत्र ही अपूर्वाई आहे.

विषय मुलांचाच असावा. धारावीत २०१४ च्या सुमारास 'धारावी डायरी' या उपक्रमातील मुलींनी 'ॲप इन्व्हेंटर' हे असेच ठोकळ्यांचे साधन वापरून मोबाइलसाठी ॲप तयार केली. एक संकटात सापडलेल्या स्त्रीने मदत मागण्यासाठी, एक पाण्याच्या रांगेत आपला क्रमांक केव्हा येईल हे कळण्यासाठी. नळाच्या रांगेत सकाळ घालवणाऱ्या मुलीलाच असला विषय सुचू शकतो. बाहेरून तयार प्रकल्प नेणाऱ्यास तो सुचत नाही.

व्यवस्थेच्या बाबी थोडक्यात. एका यंत्रापुढे दोघे बसवावेत आणि दर दहा-पंधरा मिनिटांनी माउस दुसऱ्याच्या हाती द्यावा. घड्याळ लावून द्यावा. तसे न केल्यास माउस धीट मुलाकडे राहतो आणि शेजारची मुलगी तीन महिने बघत बसते. मुलींची वेळ त्यांच्या आईला विचारून ठरवावी. पाणी येण्याची आणि धाकट्या भावंडाला सांभाळण्याची वेळ टाळावी. स्क्रॅच एकदा यंत्रावर उतरवून घेतले की इंटरनेटविना चालते. वीजच नसेल तरी अडू नये. पाच मुलांच्या हाती सोळा, आठ, चार, दोन आणि एक ठिपक्यांची पाच कार्डे द्यावीत. कार्डे दाखवून वा लपवून महिन्यातील कोणतीही तारीख मांडता येते आणि द्विमान पद्धती शिकवून होते. असे यंत्राविनाचे पाठ न्यूझीलंडमध्ये रचले गेले. आपल्या देशात 'सीएसपाठशाळा' या उपक्रमाने २०१६ पासून त्या धर्तीवर शाळांसाठी पाठ तयार केले आहेत. आणि बोलणे मराठीत असावे. पडद्यावरचा शब्द इंग्रजी असला तरी 'जर-तर' आणि 'पुन्हा कर' हे मुलाला आपल्याच भाषेत समजते.

एक आक्षेप हल्ली हटकून घेतला जातो. आज्ञावली आता कृत्रिम बुद्धिमत्ताच लिहून देते, मग वस्तीतल्या मुलांनी हा खटाटोप कशाला करावा? मी विचारतो, हा प्रश्न श्रीमंतांच्या मुलांबाबत कोणी विचारते का? यंत्राने लिहिलेले बरोबर की चूक हे ज्याला पारखता येते आणि जो मिळेल ते निमूट घेतो, यांच्यात यापुढे अंतर वाढणार आहे. आपली मुले कोणत्या बाजूस असावीत, याचा निर्णय ती अकरा ते चौदा वर्षांची असतानाच बव्हंशी होऊन जातो. अनेक महापालिका शाळा सातवी-आठवीलाच संपतात आणि सक्तीच्या शिक्षणाचा कायदाही चौदाव्या वर्षी हात सोडतो.

म्हणून माझी विनंती अशी की, यंदा कोणी संगणक देऊ केले तर अवश्य घ्यावेत. पण त्याच माणसाला आठवड्याच्या दोन संध्याकाळी मागाव्यात. प्रोग्रॅमिंग येत नसले तरी चालेल. मुलांबरोबर ते शिकता येते. बँकेतून निवृत्त झालेले गृहस्थ, अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाची मुलगी, कोणीही. वर्षभर तोच माणूस यावा, एवढी एकच अट.

जूनमध्ये शाळा उघडतील. ज्यांना मंगळवार आणि शुक्रवारची संध्याकाळ देणे शक्य आहे, त्यांनी चहानंतर थांबावे. मागच्या खोलीत चार यंत्रे लावून ठेवली आहेत. त्रिकोण प्रथम आपणच काढून पाहू.