कान अचानक गेला तर : परत येण्याची आशा किती?

(आरोग्यविषयक व्याख्यानमालेत केलेले भाषण)



माणूस रात्री चांगला झोपतो आणि सकाळी उठून पाहतो तो एका कानाने ऐकू येत नाही. कान गच्च वाटतो, शीळ वाजल्यासारखा आवाज येतो, काहींना चक्करही येते. दुखत मात्र नाही. म्हणून घरचे म्हणतात, "सर्दीने कान बसला असेल, मळ असेल, तेल सोड." कोणी नजर काढतो. असे पंधरा दिवस निघून जातात, आणि नेमके तेच दिवस मोलाचे असतात.

तीन दिवसांच्या आत, लागोपाठच्या किमान तीन स्वरांवर ३० डेसिबल किंवा अधिक श्रवणशक्ती गेली, तर त्यास आकस्मिक बहिरेपण म्हणतात. बिघाड आतल्या कानात किंवा नसेत असतो. दहापैकी सुमारे नऊ रुग्णांत कारण सापडत नाही.

रुग्णाचा पहिला प्रश्न असतो, "डॉक्टर, कान परत येईल का?" वैद्यकशास्त्र भविष्य सांगत नाही, शक्यता सांगते, आणि ती मुख्यतः पाच गोष्टींवरून.

पहिली, नुकसान किती. थोडे ऐकू येत असेल तर आशा चांगली. ९० डेसिबलच्या पलीकडे गेलेला कान पूर्ण परत येणे कठीण. दुसरी, ऑडिओग्रामच्या आलेखाचा आकार. जाड स्वर गेले आणि बारीक स्वर शाबूत असतील तर सुधारणा अधिक दिसते; बारीक स्वर गेले तर कमी. तिसरी, चक्कर. सोबत गरगरणारी चक्कर असेल तर आशा कमी होते. चौथी, वय. उतारवयात सुधारणा कमी आढळते. पाचवी, उपचारापर्यंत गेलेला वेळ.

बंधुभगिनींनो, यांतील पहिल्या चार गोष्टी आपल्या हातात नाहीत. पाचवी आहे.

एक तृतीयांश ते दोन तृतीयांश रुग्णांत काही सुधारणा आपोआपही होते, आणि ती बहुधा पहिल्या दोन आठवड्यांत. १९८० साली अमेरिकेत डॉ. विल्सन व सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात स्टिरॉइड घेतलेल्यांपैकी ६१ टक्के सुधारले, तर औषध नसलेली गोळी घेतलेल्यांपैकी ३२ टक्के. पुढचे सगळे अभ्यास इतके अनुकूल नाहीत. म्हणून हमी कोणी देऊ नये. पण हे औषध द्यायचे तर पहिल्या दोन आठवड्यांत, जितके लवकर तितके बरे, यावर तज्ज्ञांचा भर आहे. मधुमेह असल्यास तसे आधी सांगावे, कारण या औषधाने साखर वाढते. अशा वेळी पडद्यातून कानात इंजेक्शन देण्याचा मार्ग आहे.

घरी एक साधी खूण पाहता येते. तोंड मिटून गुणगुणा. मळाने बंद झालेला कान असेल तर आवाज त्याच कानात मोठा वाटतो. नसेचा बिघाड असेल तर चांगल्या कानात. ही खूण तपासणीची जागा घेत नाही. कोणतीही खूण दिसो, त्याच दिवशी कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे जावे आणि श्रवणचाचणी मागून घ्यावी. तोंड वाकडे होणे, बोबडी वळणे, हातपाय लुळे पडणे असे काही सोबत असेल तर क्षणही न दवडता मोठे रुग्णालय गाठावे.

तथागतांनी मालुंक्यपुत्ताला दिलेला दृष्टान्त आपणांस ठाऊक आहे. विषारी बाण लागलेला माणूस म्हणू लागला की, बाण कोणी मारला, त्याची जात कोणती, धनुष्य कसले, हे कळल्याशिवाय बाण काढू देणार नाही, तर तो तसाच मरेल. या आजारात कारण बहुधा कळतच नाही. मग "कोणाची नजर लागली" याचा शोध घेत बसायचे की बाण काढायचा?

वेळेवर जाऊनही काहींचा कान येत नाही. तो त्यांचा दोष नव्हे, पूर्वकर्माचे फळ तर नव्हेच. त्यांच्यासाठी श्रवणयंत्रे आहेत. वर्गात चांगला कान शिक्षकांकडे येईल अशी जागा त्यांना द्यावी, बोलताना त्या बाजूने बोलावे. हीच करुणा.

विद्यार्थी मित्रहो, आज घरी गेल्यावर आजी-आजोबांना एवढेच सांगा : कान अचानक गेला तर तेल नको, वाट पाहणे नको, तपासणी हवी.