‘समजलें ना?’



तीस वर्षें मीं शाळेंत मुलांना शिकविलें. धडा संपला कीं ‘समजलें ना?’ असें विचारावें, मुलांनीं एका सुरांत ‘हो’ म्हणावें आणि मीं समाधानानें खडू खालीं ठेवावा, हा माझा नित्यक्रम. २०२० च्या टाळेबंदींत माझी धाकटी मुलगी महाविद्यालयाचा वर्ग घरच्या संगणकावर ऐकत असे. एके दिवशीं मी डोकावलों, तों पडद्यावर प्राध्यापकांचें व्याख्यान चालू, बाजूला विद्यार्थ्यांच्या नांवांची रांग, आणि मुलगी स्वयंपाकघरांत चहा पीत बसलेली! हजेरी लागली होती. विद्यार्थिनी मात्र गैरहजर. मला रागावतां आलें नाहीं. माझ्या वर्गांतहि कित्येक मुलें अशींच मनानें परागंदा झालीं असतील, हा विचार टोंचूं लागला.

अमेरिकेंतील हार्वर्ड विद्यापीठाचे पदार्थविज्ञानाचे प्राध्यापक एरिक मझूर यांनाहि १९९० च्या सुमारास अशीच ठेंच लागली. त्यांचे विद्यार्थी कठीण गणितें सोडवीत. परंतु न्यूटनच्या नियमांवरील साध्या, व्यवहारांतील प्रश्नांशीं अडखळत. तेव्हां त्यांनीं रीत बदलली. थोडें सांगावयाचें, मग एक प्रश्न टाकावयाचा. प्रत्येकानें प्रथम स्वतः विचार करून उत्तर नोंदवावयाचें, नंतर शेजाऱ्याशीं चर्चा करून पुन्हां नोंदवावयाचें. ज्याला नुकतेंच कळलें, त्याला न कळणाऱ्याची अडचण गुरूपेक्षां अधिक ठाऊक असते, हें यांतील मर्म. विज्ञान, गणित व अभियांत्रिकी यांच्या अध्यापनासंबंधींच्या २२५ अभ्यासांचा २०१४ सालीं एकत्र विचार झाला. नुसत्या व्याख्यानाच्या वर्गांत सरासरी सुमारें ३४ टक्के विद्यार्थी अनुत्तीर्ण झाले होते. विद्यार्थ्यांना विचाराला व चर्चेला लावणाऱ्या वर्गांत सुमारें २२ टक्के.

ही रीत पडद्यावरहि चालते. उत्तर कळ दाबून देतां येतें, चार-चार जणांचे गट पाडतां येतात, आणि लेखी चर्चेंत बुजऱ्या मुलालाहि विचार करून बोलण्यास सवड मिळते. भारत सरकारनें २०१७ सालीं सुरू केलेल्या ‘स्वयं’ या शिक्षणव्यवस्थेंत चित्रफितींबरोबर शंका-चर्चेचीहि सोय आहे. परंतु केवळ सोय केल्यानें चर्चा होत नाहीं. प्रश्न असा हवा कीं त्यावर दोन हुशार मुलांचें मत भिन्न पडावें. आणि चुकलेल्या उत्तराला हसणारा वर्गांत कोणी नसावा, गुरु तर नव्हेच.

त्या संध्याकाळीं मीं मुलीला ‘समजलें ना?’ असें विचारलें नाहीं. ‘मला समजावून सांग,’ एवढेंच म्हटलें. ती सांगूं लागली, मध्येंच अडली, आणि तेथूनच आम्हां दोघांचें शिक्षण सुरू झालें.