दोष टायमिंगचा नव्हता

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

पांझरेच्या एका काठावर जुनं धुळं, दुसऱ्या काठावर आमचं देवपूर. मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर हे दोन मोठे रस्ते धुळ्यात एकमेकांना भेटतात. त्यामुळे ट्रक आणि ट्रक दुरुस्त करणारे हात, दोन्ही आमच्या रोजच्या पाहण्यातले. मिस्तरीनं डोळे मिटून आवाज ऐकावा आणि दुखणं सांगावं, असं आम्ही लहानपणापासून पाहत आलो. आज अशाच एका दुखण्याची गोष्ट सांगतो.

१९९० साली माझ्या थोरल्या भावाकडे जुना टाटा १२१० ट्रक होता. टाटांचा मर्सिडीज-बेंझशी करार १९५४ ते १९६९ असा होता. पण जुने ड्रायव्हर पुढंही कितीतरी वर्षं त्या घडणीच्या गाडीला मर्सिडीजच म्हणत. इंजिन ६९७, म्हणजे ६ सिलिंडर आणि ९७ मिलिमीटरचा बोअर. भाईजाननं कर्ज काढून देवपुरातल्या एका वयस्क उस्तादांकडून इंजिनाचं काम करून घेतलं. निम्मी मजुरी दिली, निम्मी बाकी ठेवली. पंधरा दिवसांत लळिंगच्या घाटात भरलेली गाडी धापा टाकू लागली. ड्रायव्हर घरी येऊन म्हणाला, ''गाडी वढत नही, भाऊ.''

भाईजान तडक गॅरेजवर गेला. चार लोकांसमोर म्हणाला, ''उस्ताद, तुम्ही पंपाचं टायमिंग चुकवलं.'' उस्तादांनी एवढंच विचारलं, ''धूर कसला येतो? सकाळी स्टार्ट कशी होते?'' भाईजान उत्तर न देता परतला. मी तेव्हा बी.ए. करत होतो आणि घरातला हिशेब माझ्याकडे होता. त्याच्या सांगण्यावरून मी वहीत लिहिलं, 'मजुरी बाकी. काम चुकीचे.'

आता हे टायमिंग म्हणजे काय? डिझेल इंजिनात ठिणगी नसते. पिस्टन वर येताना हवा दाबतो, ती पाचशे अंशांच्या वर तापते आणि त्या हवेत नोझलमधून उडालेलं डिझेल आपोआप पेटतं. पिस्टन माथ्यावर पोचण्याच्या थोडं आधी डिझेल सुटायला हवं. हे 'थोडं आधी' अंशांत मोजतात. इंजिन मिनिटाला १५०० फेरे घेत असेल, तर एक अंश म्हणजे सेकंदाचा नऊ हजारावा भाग!

डिझेल फार लवकर सुटलं, तर हवा पुरती तापलेली नसते. डिझेल साचतं आणि मग एकदम भडकतं. वर येणाऱ्या पिस्टनवर घण बसावा तसा ठोका पडतो. उशिरा सुटलं, तर पिस्टन खाली जाताना ते जळत राहतं. ओढ कमी होते, सायलेन्सर तापतो, सकाळी स्टार्ट करताना पांढरा धूर येतो आणि लोडवर काळा. उस्ताद धुराची चौकशी का करत होते, ते यावरून कळेल. आमच्या गाडीला ना जास्तीचा धूर होता, ना ठोका. ती साफ स्टार्ट होत होती, फक्त दमत होती.

भाईजाननं दुसरा मिस्तरी गाठला. त्यानं नट सैल करून पंप थोडा फिरवला आणि टायमिंग 'वाढवून' दिलं. आवाज कडक झाला. आम्हाला वाटलं, गाडीत जोर आला. पुढच्याच आठवड्यात सेंधव्याकडे जाताना बिजासन घाटात हेड गॅसकेट गेलं. माल दुसऱ्या गाडीत भरावा लागला. भाडं गेलं, कर्जाचा हप्ता चुकला. गाडी ओढून आणली ती पुन्हा उस्तादांच्याच दारात.

हेड बसवल्यावरही उस्तादांनी पंपाला हात लावला नाही. आधी टाकीपासून पंपापर्यंतची डिझेलची वाट तपासली. टाकीच्या तळाशी गंज होता, फिल्टर तपकिरी गाळानं भरलेला. इंजिन नवं झालं होतं, टाकी मात्र जुनीच! घाटात जास्त डिझेल लागायचं, तेव्हा ते पोचतच नव्हतं. दुखणं एवढंच होतं.

मग त्यांनी टायमिंग पाहिलं. फ्लायव्हीलवरची खूण दोन फेऱ्यांत दोनदा समोर येते. बरोबर कोणती, हे ओळखायला त्यांनी सहा नंबरचे व्हॉल्व्ह पाहिले. एक नंबर दाबाच्या शेवटाला असतो, तेव्हा सहाचे दोन्ही व्हॉल्व्ह झुलतात. पंपाच्या पहिल्या तोंडाचा डिलिव्हरी व्हॉल्व्ह काढून तिथं वाकडी नळी लावली. पोरगा हातपंप मारू लागला, उस्ताद इंजिन हळूहळू फिरवू लागले. धार बारीक झाली, थेंब झाले, थेंब थांबले. तोच डिझेल सुटण्याचा क्षण. खूण पाहिली, तर टायमिंग बरंच पुढं गेलेलं.

उस्तादांनी मला जवळ बोलावलं. पंप बसवताना त्यांनी पंपावर आणि केसिंगवर मिळून छिन्नीनं एक बारीक रेघ मारली होती. आता ती तुटलेली दिसत होती. त्यांनी पंप फिरवून रेघ जुळवली आणि पुन्हा थेंब मोजले. टायमिंग पुस्तकातल्या अंशावर तंतोतंत आलं. म्हणजे मुळात ते बरोबरच होतं.

भाईजाननं सगळी मजुरी दिली. माफीचा शब्द मात्र त्याच्या तोंडून निघाला नाही, माझ्याही नाही. उस्तादांनीही तो मागितला नाही. चहा मागवला.

एप्रिल २०२० पासून भारत स्टेज ६ लागू झालं. नव्या ट्रकांत डिझेल कधी आणि किती सोडायचं, हे संगणक ठरवतो. पण जुने पंप अजून रस्त्यावर आहेत. गाडी ओढत नसेल, तर आधी टाकी, फिल्टर आणि लाइनीतली हवा पाहा. मग एकेका नोझलचा पाइप सैल करून पाहा. ज्याच्यानं आवाज बदलत नाही, तो सिलिंडर आजारी. टायमिंगचा नट सगळ्यांत शेवटी, तोही मोजून.

उस्ताद आता नाहीत. ती वही माझ्याकडे आहे. पुढं मी कविता लिहू लागलो, पुष्कळ ओळी खोडल्या; ही ओळ मात्र खोडली नाही. हे भाषण लिहायला बसलो, तेव्हा तिच्याखाली आजची तारीख घालून लिहिलं, 'काम बरोबर होते. चूक आमची.' चार लोकांसमोर आरोप झाला होता, म्हणून हेही तुम्हा सगळ्यांसमोर वाचून दाखवलं.