धुऱ्यावरचे दगड

(विद्यार्थ्यांसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



छंद म्हटला की लोक टपाल तिकिटे आणि नाणी जमविणाऱ्यांची नावे घेतात. माझा छंद जरा निराळा आहे. मी जमीनमोजणीचे जुने दगड शोधतो व त्यांची वहीत नोंद ठेवतो. जमवीत मात्र एकही नाही. का नाही, ते पुढे येईलच. ते शिकताना मला एकदा चारचौघांत मान खाली घालावी लागली.

सुरुवात कौंडण्यपूरला झाली. रुक्मिणीचे माहेर म्हणून हे गाव आपणांस ठाऊक आहेच. मुलांची सहल घेऊन गेलो होतो. डॉ. मोरेश्वर दीक्षितांनी येथे केलेल्या उत्खननाविषयी मोठ्या उत्साहाने सांगत असता एका मुलाने वर्धा नदीकडे बोट दाखविले. "सर, आपला जिल्हा नेमका कुठं संपते?" मी म्हणालो, नदीत. "मंग तिथं गोटा कुठं हाये?" मजजवळ उत्तर नव्हते.

घरी येऊन वाचू लागलो. 1803 च्या देवगावच्या तहाने नागपूरकर भोसल्यांनी वर्धेच्या पश्चिमेकडील मुलूख सोडला, तेव्हापासून ही नदी सरहद्द झाली. पुढे वऱ्हाडात 1861 पासून मुंबई इलाख्याच्या धर्तीवर मोजणी सुरू झाली व रयतवारी आली. पलीकडे मध्यप्रांतात मालगुजारी होती, ती 1950 च्या कायद्याने गेली. म्हणून अलीकडचा म्हातारा शेतकरी 'सर्व्हे नंबर' म्हणतो, तर पलीकडचा 'खसरा'. पाणी तेच, पण दप्तर निराळे! आणि दप्तरातील शब्द पाहा : हद्द, मौजा, जमीन, जमाबंदी, तहसील. फारसी-अरबीतून आलेले हे शब्द आमच्या शेतकऱ्याच्या तोंडी इतके रुळले आहेत की ते परके होते हे त्याला सांगूनही पटणार नाही.

मोजणीदाराजवळ शंकू साखळी असे. तिची लांबी 33 फूट, आणि तिचे भाग 16 आणे. एक साखळी लांब व एक साखळी रुंद म्हणजे एक गुंठा. असे 40 गुंठे झाले की एकर. शेताच्या कोपऱ्यांवर दगड पुरावयाचे, मापे टिपणात लिहावयाची. टिपण कचेरीत राहते, दगड धुऱ्यावर. दोहोंचा मेळ बसला तरच शेताची हद्द सिद्ध होते. मुलांना हे गणिताच्या तासाला दोरी घेऊन मैदानात शिकविले, तर गुंठा जन्मात विसरत नाहीत.

याहून मोठ्या मोजणीचे दगड निराळे. त्रिकोणांच्या साह्याने सारा हिंदुस्थान मोजण्याचे काम विल्यम लॅम्टनने 1802 साली मद्रासेस आरंभिले. कोन मोजण्याचे त्याचे यंत्र अर्ध्या टनाचे होते. हे काम करता करताच 20 जानेवारी 1823 रोजी तो आपल्या शेजारच्या हिंगणघाट येथे वारला. त्याच्यामागे जॉर्ज एव्हरेस्टने काम पुढे नेले. एव्हरेस्टचे नाव शिखराला मिळाले. परंतु त्याची नाजूक यंत्रे दुरुस्त करणारे आर्काटचे सय्यद मीर मोहसिन हुसेन किती जणांना माहीत आहेत? या मोजणीच्या ठाण्यांवर दगडात वर्तुळ व मध्ये टिंब कोरलेले असे.

आता माझी चूक. एका गावी धुऱ्यावर जुना दगड आडवा पडलेला दिसला. खालच्या मातीवर त्याचा ठसा असल्यासारखे वाटले. मी व दोन विद्यार्थ्यांनी मोठ्या कष्टाने तो उभा केला, भोवती माती दाबली, छायाचित्र काढले. फार पुण्याचे काम केले असे वाटले. दोन महिन्यांनी त्या शेताच्या मालकाने शेजाऱ्याला सांगितले की हद्द दगडापर्यंत आहे, दगड उभा आहे, डोळ्यांनी पाहा. दोघांचे बोलणे बंद झाले, लग्नाला जाणे-येणे बंद झाले. एके दिवशी शेजारी शाळेत आला. "सर, हा गोटा तुमीच उभा केला ना? सांगा ना मंग साऱ्याईसमोर."

रविवारी झाडाखाली दोन्ही घरचे लोक बसले. मी उभा राहून सांगितले, दगड मी उचलला, तो मुळात कोठे होता ते मला माहीत नाही. माझ्यासोबतचे विद्यार्थी खाली मान घालून बसले होते. कोणी मला बोल लावला नाही, तेच जास्त लागले. पुढे रीतसर मोजणी झाली. हद्द त्या दगडापासून चार हात आत निघाली. वाद मिटला, पण बोलणे सुरू व्हायला आणखी एक पावसाळा गेला.

तेव्हापासून आम्ही दगडाला हात लावीत नाही. वहीत गाव, शेजारचे झाड, दगडाची उंची, तो उभा की आडवा, कोणी दाखविला, एवढे लिहितो. आता मोजणीदार उपग्रहाच्या आधाराने चालणारे यंत्र आणतात, काम झपाट्याने होते. तरी पाणंद रस्त्याचे काम निघाले की मी आधी जाऊन धुरा पाहून येतो, कारण मातीसोबत दगडही जातो आणि कुणाच्या तरी अंगणात कपडे धुण्याला लागतो.

येत्या हिवाळ्यात कौंडण्यपूरच्या पलीकडचा काठ पाहण्याचा विचार आहे. त्या बाजूच्या गावांत आपली सोयरीक असल्यास, जुने दगड दाखविणारे एखादे वडीलधारे गृहस्थ अवश्य सुचवावेत.