मागें जोडलेलें घर

प्रवासास निघावयाचें म्हणजे घर मागें ठेवून निघावयाचें, ही मनुष्याची फार जुनी अडचण आहे. ज्यांना ती सोसवेना त्यांनीं घरालाच चाकें लाविलीं. इंग्लंडांत गॉर्डन स्टेबल्स नांवाच्या एका वैद्य-लेखकानें १८८५ सालीं 'वाँडरर' नांवाचें एक घोड्यांनीं ओढावयाचें घर बांधवून घेतलें व केवळ हौसेसाठीं तें घेऊन तो देशभर हिंडला. पहिल्या महायुद्धानंतर घोड्यांच्या जागीं मोटार आली, आणि मोटारीच्या मागें जोडावयाचें लहान दुचाकी घर, म्हणजेच ट्रेलर, पाश्चात्य देशांत सर्वसाधारण कुटुंबांच्याही आटोक्यांत आलें. आपल्याकडे ही हौस अद्याप नवीन आहे. महाराष्ट्र शासनानें २०२१ सालीं चाकांवरील निवासाच्या पर्यटनासंबंधीं स्वतंत्र धोरण स्वीकारल्यापासून तिच्याकडे अधिक लोकांचें लक्ष वेधलें आहे. घरची लहान मोटार, तिच्या मागें एक लहानसा ट्रेलर, त्यांत अंथरुण-पांघरुण व चूल, आणि मुक्काम कोयनेच्या कांठीं किंवा गुहागरच्या किनाऱ्यावर. हें चित्र कोणालाही मोह पाडील असेंच आहे.

परंतु कऱ्हाडच्या रस्त्यांना मागें जोडलेलें घर मुळींच नवें नाहीं. दिवाळी सरली कीं कृष्णा-कोयनांच्या या प्रदेशांत साखर कारखान्यांचीं धुराडीं पेटतात. रेठऱ्याचा कृष्णा कारखाना आणि यशवंतनगरचा सह्याद्रि कारखाना यांच्याकडे जाणाऱ्या वाटा उंसानें लादलेल्या बैलगाड्यांनीं व ट्रॉल्यांनीं भरून जातात. त्याच्या थोडें आधीं बीडसारख्या जिल्ह्यांतून ऊंसतोडणीच्या टोळ्या येतात. ट्रॅक्टरच्या मागें ट्रॉली. ट्रॉलींत पत्रे, बांबू, भांडीं, धान्याचीं पोतीं, शेळ्या, आणि त्या साऱ्यावर बसलेलीं बायकामुलें. तेंही मागें जोडलेलें घरच होय. एक घर हौसेनें निघतें, दुसरें पोटासाठीं. पण रस्त्याला हा भेद कळत नाहीं. उतार, वळण, वारा आणि अंधार हे दोघांनाही एकच नियम लावितात. आणि त्या नियमांचें सार असें कीं, ओझें ओढतां येणें ही परीक्षा नव्हे. तें आवरतां येणें ही खरी परीक्षा होय.

पहिला नियम तोलाचा. दोन चाकांची बैलगाडी आणि दोन चाकांचा ट्रेलर यांची रचना एकच आहे: मध्यें कणा, पुढें जोडणी. बैलगाडी भरणारा कसलेला गाडीवान ओझें कोठें ठेवावयाचें हें फार जपून ठरवितो. ओझें कण्याच्या मागें गेलें तर गाडी उलाळ होते. जूं बैलांच्या मानेवरून वर उचलूं लागतें आणि बैलांचा जमिनीवरचा जोर सुटतो. ओझें फार पुढें आलें तर जूं मानेवर दाबतें व बैल लौकर थकतात. म्हणून भार कण्याच्या किंचित् पुढें असावा, इतकाच कीं जूं मानेवर टेंकून राहील. मोटारीचेंही अगदीं असेंच आहे. ट्रेलरच्या एकंदर वजनाचा सुमारें दहावा भाग जोडणीवर पडावा, असा सामान्य ठोकताळा मानितात. मात्र मोटारीच्या जोडणीला सोसवेल त्याहून तो अधिक होतां कामा नये. ट्रेलर उलाळ झाला तर तो मोटारीचीं मागलीं चाकें उचलूं पाहतो, आणि वेग वाढतांच शेंपटीसारखा डावीउजवीकडे झोंके खाऊं लागतो. पाण्याची टाकी, धान्य व इतर जड जिन्नस कण्याजवळ खालीं ठेवावे. हलकें सामान तेवढें वर व टोंकांस ठेवावें.

दुसरा नियम वजनाचा. घर म्हटलें कीं सामान वाढतेंच. रिकामा ट्रेलर ३५० किलोंचा आहे असें धरूं. त्यांत ५० लिटर पाणी भरलें कीं ५० किलो वाढले. घरगुती गॅसच्या भरलेल्या टाकींत गॅस १४.२ किलोच असला तरी लोखंडासह ती ३० किलोंच्या घरांत जाते. गाद्या, भांडीं, शिधा, कपडे, तंबू, खुर्च्या मिळून आणखी ७० किलो सहज होतात. म्हणजे ५०० किलोंचा आंकडा कोणाला न कळत गांठला गेला. अदमास येथें नेहमीं फसवितो. उंसाच्या मुलुखांत गांवोगांव वजनकांटे आहेत. ट्रेलर पूर्ण भरून एकदां कांट्यावर नेला तर संशय फिटतो. मग तो आंकडा मोटारीच्या उत्पादकानें दिलेल्या पुस्तिकेशीं ताडून पाहावा. तेथें ओढावयाच्या वजनाची मर्यादा लिहिली असेल तर तीच शेवटची मर्यादा समजावी. आणि ती मोटार ओढण्यासाठीं नाहीं असें लिहिलें असेल तर हौसेला तेथेंच आवर घालावा. इंजिन बंद न पडतां गाडी हलली, एवढ्यावरून ती ओढण्यास समर्थ आहे असें ठरत नाहीं. क्लच, गिअर, मागील स्प्रिंगा आणि ब्रेक हे सर्व एका विशिष्ट भाराच्या हिशेबानें घडविलेले असतात.

तिसरा नियम चढ-उताराचा. चार माणसांसह लहान मोटारीचें वजन १,०५० किलो धरलें व मागें ५०० किलोंचा ट्रेलर जोडला, तर दोहोंचे मिळून १,५५० किलो झाले. वीस फुटांत एक फूट चढणाऱ्या रस्त्यावर केवळ चढ काढण्यासाठींच सुमारें ७८ किलोंचा ओढा लागेल. एकट्या मोटारीला तो ५३ किलोंच्या आंतच लागला असता. एवढें इंजिन कसेंबसें करील. खरा प्रश्न पुढें उतारावर येतो. चालत्या वस्तूंतील शक्ति वेगाच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढते. ताशीं ४० किलोमीटरांऐवजीं ६० किलोमीटर वेग ठेविला कीं ती सव्वादोन पट होते. त्यांत ट्रेलरचें वजन मिळविलें म्हणजे एकटी मोटार ४० च्या वेगानें थांबविण्यास जेवढें काम ब्रेकला पडतें, त्याच्या तिपटीहून अधिक काम ट्रेलरसह ६० च्या वेगांत पडतें. हें सर्व काम उष्णतेच्या रूपानें ब्रेकमध्येंच सांठतें. लांब उतारावर ब्रेक सतत दाबून धरला तर तो तापतो, आणि तापलेला ब्रेक नेमका शेवटच्या वळणावर दगा देतो.

कऱ्हाडहून पाटण व कोयनानगरवरून कुंभार्ली घाटानें चिपळुणास जाणाऱ्यांनीं ही गोष्ट विशेष ध्यानांत ठेवावी. याच घाटानें एके काळीं देश व कोकण यांच्यामध्यें मालाच्या बैलगाड्या चालत. घाट उतरणाऱ्या गाडीला चाकाच्या लोखंडी धांवेवर दाबून बसणारा लांकडी ठोकळा लावीत, कारण नुसत्या बैलांच्या बळावर भरली गाडी आवरत नाहीं हें गाडीवानांना पक्कें ठाऊक होतें. युरोपांत ७५० किलोंहून अधिक भाराच्या ट्रेलरला स्वतःचा ब्रेक असणें सक्तीचें आहे. लहान ट्रेलरांत त्याची एक साधी युक्ति असते: मोटार मंद झाली कीं ट्रेलर पुढें रेटतो, त्या रेट्यानें जोडणींतील दांडा मागें सरकतो, आणि ट्रेलरच्या चाकांना ब्रेक लागतात. ट्रेलर हलका असला तरी घाट उतरावयाचा असेल तर असा ब्रेक असलेला बरा. शिवाय ज्या गिअरमध्यें घाट चढावा त्याच गिअरमध्यें तो उतरावा. म्हणजे इंजिनच वेगाला धरून ठेवतें आणि ब्रेकला विसांवा मिळतो.

चौथा नियम हाताच्या संयमाचा. पुणें-बंगळूर महामार्गावर उंब्रज-मसूरच्या बाजूनें येतांना मोठी मालमोटार शेजारून गेली म्हणजे तिच्या हवेच्या झोतानें हलका व उंच ट्रेलर डुलूं लागतो. अशा वेळीं घाबरून जोरानें ब्रेक दाबणें किंवा चक्र उलटसुलट फिरविणें हें संकटाला आमंत्रणच होय. चक्र सरळ धरावें, ॲक्सिलरेटरवरील पाय हळूच उचलावा आणि वेग आपोआप उतरूं द्यावा. झोंके बहुधा त्यानेंच निवतात. वळणावर ट्रेलरचीं चाकें मोटारीच्या चाकांच्या मागोमाग न जातां आंतल्या बाजूनें जातात, म्हणून वळण मोठें घ्यावें. कऱ्हाडच्या जुन्या पेठेंतील अरुंद गल्ल्यांत हें विसरलें तर कोणाचा तरी ओटा खरवडला जाईल. मागें येतांना तर सर्वच उलटें: चक्र डावीकडे फिरविलें कीं ट्रेलर उजवीकडे वळतो. ही विद्या मोकळ्या मैदानांत आधीं दोन-चार दिवस शिकावी. मुक्कामाच्या जागीं अंधारांत शिकूं नये.

पांचवा नियम जोडणीचा व उजेडाचा. जोडणी निसटली तरी ट्रेलर मोकाट सुटूं नये म्हणून तिच्या खालीं दोन सांखळ्या एकमेकींस छेदून बांधाव्या. मोटारीचे मागील दिवे ट्रेलरच्या आड जातात. म्हणून थांबण्याची, वळण्याची व रात्रीं दिसण्याची खूण ट्रेलरच्या पाठीवर स्वतंत्रपणें लागलीच पाहिजे. १९८८ च्या मोटार वाहन अधिनियमाच्या व्याख्येंत 'मोटार वाहन' या शब्दांत ट्रेलरचाही समावेश केलेला आहे. अर्थात् घरच्या अंगणांत लोहाराकडून सांगाडा बनवून घेतला, मोटारीला अडकविला आणि निघालें, असें करतां येत नाहीं. त्याची रीतसर नोंदणी व्हावी लागते. हें बंधन जाचक वाटलें तरी त्याच्या मुळाशीं मागून येणाऱ्या अनोळखी माणसाच्या जीविताचा विचार आहे.

या पांच नियमांच्या कसोटीवर आतां तें दुसरें घर पाहावें. उंसानें भरलेल्या दोन ट्रॉल्या एकापाठीमागें एक जोडलेल्या. त्यांचें वजन ट्रॅक्टरच्या स्वतःच्या वजनाच्या अनेक पट. पुष्कळ ट्रॉल्यांना स्वतःचा ब्रेक नाहीं. पाठीमागें दिवा नाहीं, आणि असला तरी लोंबणाऱ्या वाढ्यांनीं झांकलेला. रात्रीच्या अंधारांत अशा उभ्या ट्रॉलीवर मागून दुचाकी येऊन आदळते आणि एखाद्या घरचा कर्ता पुरुष जातो. असे अपघात हंगामामागून हंगाम घडत आले आहेत. आणि हंगामाच्या आरंभीं व अखेरीस तीच ट्रॉली जेव्हां टोळीचा संसार घेऊन शेंकडों किलोमीटर चालते, तेव्हां तिच्यावर ऊंस नसतो, तर निजलेलीं मुलें असतात. ट्रॉली माल वाहण्यासाठीं घडविलेली आहे. तिला माणसाला धरावयास कठडा नाहीं, धक्के सोसणाऱ्या स्प्रिंगा नाहींत. हौशी प्रवाशाला आपल्या घराचा तोल, वजन व ब्रेक निवडण्याचें स्वातंत्र्य असतें. कोयता घेऊन निघालेल्या जोडप्याला तें नसतें. उचल घेतलेली असते, मुकादमानें दिवस ठरविलेला असतो, आणि जें वाहन दारांत उभें राहील त्यावर चढणें भाग असतें.

म्हणून या विषयाचा विचार केवळ हौशी मोटारवाल्यांनीं करून भागणार नाहीं. चालत्या मोटारीच्या मागील ट्रेलरांत मनुष्यानें बसूं नये, हें शहाणा कुटुंबप्रमुख आपल्या मुलांना सांगेल. तोच नियम टोळीच्या मुलांनाही लागू झाला पाहिजे. सामान ट्रॉलींतून व माणसें बसमधून, अशी व्यवस्था वाहतूक ठरविणारांनीं केली तर तिला फार मोठा खर्च येणार नाहीं. प्रत्येक ट्रॉलीच्या पाठीला चकाकणारी पट्टी व चालता दिवा असल्याशिवाय ती वजनकांट्यावर घ्यावयाची नाहीं, असा निर्धार कारखान्यांनीं कसोशीनें पाळला, तर एका हंगामांतच रस्त्याचें रूप पालटेल. भरली ट्रॉली रस्त्यावर बंद पडली तर तिच्या मागें दगड रचून ठेवण्याची आणि जातांना ते दगड तेथेंच टाकून जाण्याची संवयही मोडली पाहिजे.

हौशी प्रवाशानें आपल्यापुरतें एवढें करावें: पहिली सफर जवळची व सपाटीची निवडावी. देवराष्ट्राकडे सागरेश्वराच्या पायथ्यापर्यंत जाऊन यावें, आणि घाटाचा मोह दुसऱ्या वर्षावर टाकावा. उजेडांत निघावें व उजेडांतच मुक्काम गांठावा. दर थांब्यावर उतरून जोडणी, सांखळ्या, टायर व दिवे हातानें चांचपून पाहावे. चाकाचा मध्य हाताला चटका देण्याइतका तापला असेल तर पुढें जाऊं नये. आणि वाटेंत उंसाची गाडी आडवी आली तर हॉर्न वाजवून तिला घाई करूं नये. तिच्या मागचें ओझें आपल्या ओझ्याहून किती तरी जड आहे, आणि तें आवरण्याचीं साधनें तिच्यापाशीं आपल्याहून किती तरी कमी आहेत.