जुनी नाणी : मोल आणि मान
(जीर्णोद्धार समारंभात केलेले भाषण)



देवळाच्या कामानिमित्त दानपेटीतली व घरोघरच्या देव्हाऱ्यांतली जुनी नाणी बाहेर निघाली. तेव्हापासून कचेरीतून घरी येताना वाटेत एकच प्रश्न ऐकतो, "यातले लाखाचे कोणते?" मी नाणेतज्ज्ञ नाही, कारकून आहे. तथापि मंडळाच्या आज्ञेवरून चार शब्द सांगतो.

प्रथम मान शिवराईचा. १६७४ साली रायगडावर राज्याभिषेक झाला. शिवछत्रपतींनी सोन्याचा होन व तांब्याची शिवराई पाडली. एका बाजूस 'श्री राजा शिव', दुसऱ्या बाजूस 'छत्रपति'. सभोवार फारसी अक्षरांची नाणी चालत असता ही देवनागरी अक्षरे उमटली, हे तिचे खरे मोल. शिवराई पुढे पेशवाईत पडत राहिली व इंग्रजी अमलातही बाजारात चालली. त्यामुळे झिजलेल्या शिवराया आजही पुष्कळ मिळतात. होन मात्र फार दुर्मिळ.

दुसरा राणीछाप रुपया. एक तोळा, म्हणजे ११.६६ ग्रॅम वजन, आणि त्यात बारा भागांत अकरा भाग चांदी. १९४० पासून चांदी निम्म्यावर आली आणि १९४७ साली रुपया निकेलचा झाला. म्हणून जुन्या रुपयाला निदान चांदीचा भाव तरी आहेच. त्यावर अधिक किंमत येते ती साल, टांकसाळ आणि नाण्याची स्थिती पाहून. नुसते जुने म्हणून कोणी मोल देत नाही.

आता सावधगिरीची गोष्ट. रामदरबार, हनुमान किंवा लक्ष्मी असलेली, ईस्ट इंडिया कंपनीचे नाव व १६१६, १७१७ किंवा १८१८ साल घातलेली नाणी पुष्कळ घरांत आहेत. कंपनीने अशी नाणी कधी पाडली नाहीत. ती पुढे कोणीतरी तयार करून विकलेली. देव्हाऱ्यात त्यांची पूजा अवश्य करावी, भक्तीला टांकसाळीचा शिक्का लागत नाही. पण त्यांच्या भरवशावर कर्ज काढू नये. गावातल्या एका कुटुंबाला अशाच नाण्यासाठी दूरध्वनीवरून लाखो रुपयांचे आमिष दाखवून आधी 'नोंदणी फी' मागितली होती. मुलीच्या लग्नाचे पैसे त्यात जाता जाता वाचले. रिझर्व्ह बँकेनेही ऑगस्ट २०२१ मध्ये जाहीर केले, की जुन्या नोटा-नाण्यांच्या व्यवहारात ती पडत नाही व कसली फी घेत नाही.

कायद्याचेही सांगतो. जमिनीत पुरलेले दहा रुपयांहून अधिक किमतीचे धन सापडल्यास १८७८ च्या निखात निधी कायद्याप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावे लागते. घर बांधताना पाया खणणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे. शंभर वर्षांहून जुनी नाणी परदेशी पाठविण्यास १९७२ च्या कायद्याने बंदी आहे.

शेवटी विनंती. नाणी चिंचेने वा राखेने घासू नका. झळाळी येते आणि किंमत जाते. सोनाराच्या मुशीत घालण्यापूर्वी जाणत्याला दाखवा. देवाला वाहिलेले प्रत्येक नाणे वजन व वर्णनासह देवस्थानच्या नोंदवहीत चढावे, पंचांच्या सह्या व्हाव्यात. आपल्या जमिनी गेल्या, खाड्या बुजल्या, भोवती शहर उभे राहिले. आजीच्या गाठोड्यातले नाणे तेवढे जुन्या तळवलीची साक्ष म्हणून उरले आहे. ते नातवंडांच्या हाती पोहोचावे, एवढी ग्रामदैवताच्या चरणी प्रार्थना करून मी आपली रजा घेतो.

जय हिंद! जय महाराष्ट्र!