कातळावरील जीवसृष्टि आणि मॅक्रो भिंग

पावसाळा सुरू झाला कीं मालवणकडील कातळसडे पाहतां पाहतां हिरवे होतात. श्रावण-भाद्रपदांत तेथें सीतेच्या आसवांचीं जांभळीं फुलें उमलतात आणि शेजारींच दवबिंदु ही कीटकभक्षी वनस्पति आपल्या चिकट केसांवर चिलटें धरीत असते. हें चिमुकलें जग जवळून टिपण्याची हौस ज्यास लागते, त्यास प्रथम प्रश्न पडतो तो कोणतें मॅक्रो भिंग घ्यावें हा.

दुकानदार बहुधा १:१ हें प्रमाण पुढें करितो. त्याचा अर्थ एवढाच कीं, एक सेंटिमीटर लांबीचा किडा कॅमेऱ्यांतील पटलावर एक सेंटिमीटरच उमटतो. पण हें प्रमाण ६० मिलिमीटर नाभीय अंतराचें भिंग देतें, १००चें देतें आणि १८०चेंही देतें. खरा फरक आहे तो भिंगाचें तोंड आणि जीव ह्यांमधील अंतराचा. पूर्ण प्रमाणाच्या चित्रास ६०चें भिंग दहा सेंटिमीटरांच्या आंत न्यावें लागतें. १००च्या भिंगास सुमारें १५ पुरतात. १८०च्या भिंगास पाव मीटराच्या जवळपास जागा मिळते.

फूल पळून जात नाहीं. त्यासाठीं ६०चें भिंग चालेल. फार काय, साध्या ५०च्या भिंगामागें ५० मिलिमीटरची पोकळ नळी बसविली तरी तेंच प्रमाण साधतें, आणि खर्चही थोडा! फक्त भिंगाचीच सांवली फुलावर पडते.

सजीव प्राण्याची गोष्ट निराळी. ह्याच जिल्ह्यांत आंबोलीस जो पिवळ्या पट्ट्यांचा भेक आढळतो, त्यास शास्त्रज्ञांनीं २००९ सालीं नवी जाति म्हणून नोंदविलें. जगांत तो प्रायः त्या घाटमाथ्यापुरताच आहे व अतिसंकटग्रस्त गणला जातो. पहिल्या पावसांत कातळावरील उथळ डबक्यांत तो अंडीं घालतो. आंखूड भिंगवाला त्या डबक्याच्या कांठावरच आडवा होतो. त्याचें कोपर कोठें टेकतें, हें त्यासही कळत नाहीं. मलबारी चापड्यासारख्या विषारी सर्पापुढें दहा सेंटिमीटरांवर हात नेणें तर निव्वळ अविचार. आणि चित्र नीट यावें म्हणून त्यास काठीनें हलविणें हा त्याहूनही मोठा.

मग १८०चेंच का घेऊं नये? तें जड असतें, हातांत स्थिर राहत नाहीं, आणि ओल्या कातळावर तिपाई मांडीपर्यंत किडा उडून जातो. म्हणून ९० ते १०५ मधील भिंग बहुतेकांस उत्तम.

मात्र एवढ्या जवळून प्रकाश जवळजवळ चतुर्थांशावर येतो, आणि छिद्र ११वर ठेविलें तरी जेमतेम एक-दीड मिलिमीटर खोलीच स्पष्ट दिसते. पावसाळी अंधारांत फ्लॅश लागतोच; त्यावर पातळ पांढरें कापड धरावें व नेम जिवाच्या डोळ्यावर असावा.

किनाऱ्यावरच्या दमट, खाऱ्या हवेंत भिंगाच्या कांचेवर बुरशी लवकर चढते. घरीं आल्यावर तें पुसून, कोरडें करून, सिलिका जेलच्या पुड्यांसह घट्ट झांकणाच्या डब्यांत ठेवावें.